पेलेट्सची पारख

आमच्या त्या घरात गॅस नव्हता. केंब्रिजच्या उत्तरेला जमीन एकदम सपाट होत जाते, माती काळीभोर, आणि गावं इतकी विरळ की गॅसची लाइन तिथवर आणायचं कुणी मनावरच घेतलं नव्हतं. बाबांना त्या बाजूच्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञाची नोकरी मिळाली आणि लंडनजवळच्या वॉटफर्डचा फ्लॅट सोडून आम्ही तिथे राहायला गेलो. घर दाखवायला आलेला माणूस बैठकीच्या खोलीतल्या एका काळ्या लोखंडी पेटीवर हात ठेवून म्हणाला होता की हिवाळ्यात तुमची भिस्त हिच्यावर. आईने ती पेटी पाहिली, मग खिडकीबाहेरचं मोकळं शेत पाहिलं. वॉटफर्डमध्ये भाजी आणायला गेली तरी तिला ओळखीच्या चार बायका भेटायच्या. इथे पोस्टमन सोडला तर दिवसभर दारात कुणी येत नसे. बाबा सकाळी अंधारात जायचे, मी स्कूल बसने जायचे, आणि आई त्या पेटीसमोर उरायची.

ती पेटी म्हणजे पेलेट स्टोव्ह. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लाकडाच्या भुशावर प्रचंड दाब देऊन पेन्सिलीएवढ्या जाडीच्या छोट्या कांड्या बनवतात, ते पेलेट्स. स्टोव्हच्या वरच्या टाकीत ते ओतायचे. आतलं एक मळसूत्र त्यांना हळूहळू पुढे ढकलतं आणि ते थोडेथोडे करून काचेमागच्या लोखंडी वाटीत पडून जळतात. त्या पडण्याचा आवाज मला अजून स्पष्ट आठवतो. स्टीलच्या ताटात कुणी सावकाश हरभरे टाकावेत तसा टिणटिण, जरा थांबून पुन्हा टिणटिण, आणि त्यामागे पंख्याची एकसुरी घरघर. अभ्यास करताना मला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो थांबला की मी मान वर करायची. आणि पहिल्या हिवाळ्यात तो फार वेळा थांबायचा. काच दुपारपर्यंत काळी पडायची. वाटीत राखेचा वितळून दगड व्हायचा, बिघडलेल्या चिक्कीसारखा, तो आईला उलथन्याने खरवडून काढावा लागायचा. सकाळी आम्ही कोट घालून पोहे खायचो. बाबांचं म्हणणं स्टोव्हच जुना झालाय. मेकॅनिक दोनदा येऊन गेला, आतलं सगळं साफ करून गेला, आणि तो गेला की चार दिवसांत पुन्हा तेच.

पुढच्या वर्षी थंडी सुरू होताना नाना आले. नाना म्हणजे आईचे वडील. आजी गेल्यानंतर ते चंद्रपूरला एकटेच राहत होते, आणि आईने बरंच मागे लागून त्यांना सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर बोलावून घेतलं होतं. त्यांची सगळी नोकरी वनखात्याच्या लाकूड डेपोत गेली होती. जंगलातून आलेल्या सागाच्या ओंडक्यांची प्रतवारी ठरवायची, हे त्यांचं काम. विमानतळावरून येताना गाडीच्या खिडकीतून ते बराच वेळ शेतं पाहत होते. शेवटी म्हणाले, "ही तर आपलीच काळी आहे की. इथं कापूस काहून नाही लावत?" बाबा म्हणाले, "नाना, इथे ऊन नाही." नानांनी आकाशाकडे एकदा पाहिलं आणि शाल जरा घट्ट ओढून घेतली.

घरी आल्यावर चहाच्याही आधी ते स्टोव्हजवळ गेले. बाजूला पेलेट्सची उघडी पिशवी होती. त्यात हात घालून त्यांनी ओंजळभर बाहेर काढले.

"नंदा, हे काय खाऊ घालून राहिले तुम्ही या चुलीला?"

"पेलेट्स आहेत नाना. लाकडाचे."

"मला तर ढोरांची गोळी पेंड वाटली." त्यांनी एक कांडी दोन बोटांत धरून मोडली, तर ती मोडण्याआधीच तिचा भुगा झाला. त्यांनी तो हुंगला आणि ते बाबांकडे वळले. "यात साल आहे. मातीही आहे. तुमचा स्टोव्ह नाही बिघडला डॉक्टर, त्याला चारा वाईट मिळून राहिला." मग त्यांनी हात आईपुढे केला. "तू पाहा. तू तर शिकलेली आहेस यातलं."

मी तेव्हा सतरा वर्षांची होते, आणि माझी आई यातलं काही शिकलेली आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे तिने एम.एस्सी. केलंय एवढं ठाऊक होतं. पण आईवडिलांच्या डिग्र्या मुलांना भिंतीवरच्या कॅलेंडरसारख्या असतात, दिसतात आणि वाचल्या जात नाहीत. नाना सांगत गेले तसं कळलं की तिचा विषय वनस्पतिशास्त्र, त्यातही लाकडाची अंतर्रचना. सूक्ष्मदर्शकाखाली लाकडाचा पातळ काप पाहून झाड ओळखायची. पुढे संशोधनासाठी उत्तर भारतातल्या एका मोठ्या संस्थेत तिची निवड झाली होती, आणि त्याच उन्हाळ्यात बाबांचं स्थळ आलं. "मग राहिलं ते," नाना म्हणाले आणि चहाकडे वळले. आई स्वयंपाकघरात गेली होती. तिने ऐकलं की नाही मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याने भरलेले पेले ओळीने मांडलेले होते. प्रत्येकात दोनचार पेलेट्स. आई आणि नाना समोर खुर्च्या टाकून बसले होते, टीव्हीवर मॅच बघावी तसे. आईने मला दाखवलं. चांगला पेलेट पाण्यात तळाला जातो, कारण तो घट्ट दाबलेला असतो, आणि मग फुगून त्याचा स्वच्छ भुसा होतो. तरंगत राहिला तर दाब कमी पडलाय. पाण्यात कितीही वेळ तसाच राहिला तर त्यात लाकडाशिवाय काहीतरी चिकट मिसळलंय. आमच्याकडचे अर्धे वर तरंगत होते आणि पाण्याला गढूळ रंग आला होता. "हा तळाशी बसलेला काळा थर पाहिलास?" आई म्हणाली. "साल आणि वाळू. वाळू वितळते आणि त्याचा दगड होतो. मी वर्षभर तो दगड खरवडतेय आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की हा येतो कुठून."

पुढचे काही आठवडे आमच्या घरात जे चाललं होतं त्याला मी दुसरा शब्द शोधला तरी सापडत नाही, तो सण होता. आई फोन उचलून विक्रेत्यांशी बोलू लागली. फोनवर इंग्लिश बोलायची वेळ आली की एरवी ती मला पुढे करायची. आता ती स्वतः विचारत होती, कुठलं लाकूड, सालीसकट की सोलून, किती दिवसांपूर्वीचं. नमुने यायला लागले. आजीच्या वापरातल्या ठोक्याच्या पितळी वाट्या नानांनी येताना आणल्या होत्या, त्यात ते नमुने मांडले जायचे. कांडीवर चकाकी आहे का, लांबी सारखी आहे का, पिशवीच्या तळाशी भुगा किती उरतो, जाळल्यावर राख करडी पडते की तपकिरी, ज्वाळ पिवळी आणि चपळ आहे की लाल आणि आळशी. शेजारच्या ज्यूनबाई, ज्या शाळेतून रिटायर झाल्या होत्या आणि ज्यांच्याशी आमचा वर्षभरात फक्त हवेबद्दल बोलण्याचा संबंध आला होता, त्या आपल्या गॅरेजमधल्या बॉयलरचे पेलेट्स टपरवेअरच्या डब्यात घेऊन आल्या. आईने ते पाण्यात टाकले, आणि त्या दोघी पेल्याकडे बघत तासभर बोलत बसल्या. ज्यूनबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडे गोळाभात खाल्ला. बेसनाचा गोळा भातात कुस्करून वर कडकडीत फोडणी घालतात हे त्यांना इतकं आवडलं की पुढे त्या स्वतः तसा करू लागल्या, मोहरीऐवजी काहीतरी भलतंच घालून.

नाना माझं मराठीही दुरुस्त करत असत. माझ्या बोलण्यात तेव्हा सगळ्या वस्तू स्त्रीलिंगी असायच्या. "नाना, ती स्टोव्ह विझली," मी म्हणायची. नाना गंभीरपणे विचारायचे, "विझला की विझली? नीट पाहून ये." मी खरंच उठून जायची आणि मग मला कळायचं. आज मी हे सगळं मराठीत लिहू शकते याचं श्रेय त्या हिवाळ्याला आहे.

शेवटी आईने निवड केली. एका लाकूडगिरणीतले, निव्वळ सोललेल्या पाइनचे, नुकतेच तयार केलेले पेलेट्स. काचेसारखे चकाकणारे, मधाच्या रंगाचे. पाण्यात टाकताच तळाला जाणारे. पहिली पिशवी जाळली तेव्हा संध्याकाळपर्यंत काच स्वच्छ राहिली, राख म्हणजे नुसती पिठी, आणि घर इतकं तापलं की नानांनी इंग्लंडमध्ये पहिल्यांदा स्वेटर काढला. बाबा हॉस्पिटलमधून आले, दारातच थांबून म्हणाले, "अरे वा. हे काय?" आई म्हणाली, "चारा बदलला." मी तिला असं हसताना फार कमी वेळा पाहिलं होतं.

बाबा उत्साही माणूस. त्यांनी लगेच सगळ्या हिवाळ्याला पुरेल एवढा माल मागवला, पिशव्यांतून नाही, सुटा. ठेवायचा कुठे, तर स्वयंपाकघराच्या बाहेर भिंतीला लागून कोळशाची जुनी कोठी होती, विटांची, बुटक्या दाराची. आईने सांगितलं होतं की पेलेट्सचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ओल. ओल लागली की त्याचा लगदा होतो. त्या भागात ओल कुठेही शिरते. म्हणून बाबांनी एका रविवारी दाराला चहूबाजूंनी रबराची पट्टी लावली, भिंतीतला हवेचा झरोका सिमेंटने बुजवून टाकला, आणि संध्याकाळी आम्हाला बोलावून दाखवलं. आतून दार लावून बसलं तर बाहेरच्या उजेडाची एक रेघही दिसत नाही असं ते कौतुकाने म्हणाले. माल आला, कोठी छातीएवढी भरली. रोज सकाळी नाना बादली घेऊन जायचे आणि भरून आणायचे. ते काम त्यांनी मागून घेतलं होतं.

काही दिवसांनी आई एकदा कोठीत डोकावून आली आणि म्हणाली, "आत कसला तरी वास येतोय. जुन्या शेंगदाण्यांसारखा." बाबा म्हणाले की ताज्या पाइनला वास असतोच. नानांनीही मान डोलावली. डेपोत त्यांनी आयुष्यभर ताज्या लाकडाचा वास घेतला होता.

त्यानंतरच्या शनिवारी जोराचा वारा सुटला होता आणि पाऊस आडवा येत होता. बाबा ड्यूटीवर गेले होते. मी स्वयंपाकघरात टेबलावर पुस्तकं पसरून बसले होते आणि आई सांभारवड्यांसाठी सांभार, म्हणजे कोथिंबीर, चिरत होती. नाना बादली घेऊन बाहेर गेले. थोड्या वेळाने आईने विचारलं, "नाना आले का गं?" मी म्हटलं की ज्यूनबाईंशी बोलत असतील. ती पुन्हा चिरायला लागली. मग सुरी थांबली. "एवढ्या पावसात?" असं म्हणून तिने हात पुसले आणि ती बाहेर गेली. मी तिच्या मागोमाग गेले ते केवळ टेबलावरून उठायला निमित्त हवं होतं म्हणून.

कोठीचं दार बंद होतं. वाऱ्याने आपटून बसलं असावं, किंवा पाऊस आत येऊन पेलेट्स भिजू नयेत म्हणून नानांनीच ओढून घेतलं असावं. त्यांना स्वतःलाही पुढे ते आठवलं नाही. आईने दार उघडलं तसा तोच जुन्या शेंगदाण्यांचा वास अंगावर आला. नाना पेलेट्सच्या ढिगावर बसल्यासारखे कलंडले होते, बादली पायाशी, अर्धी भरलेली. मी पुढे झाले तर आईने मागे न बघता हात आडवा केला.

"आत यायचं नाही. तिथेच उभी राहा. नाइन नाइन नाइन लाव."

तिने दार विटेने अडवलं, पदर कमरेला खोचावा तसा गाऊन खोचला, बाहेर तोंड करून मोठा श्वास घेतला आणि तो धरून आत वाकली. नानांच्या काखेत हात घालून तिने त्यांना ओढलं. पेलेट्स घरंगळत होते, तिचा पाय सरकत होता. एकदा नानांना मध्येच सोडून तिला बाहेर श्वास घ्यायला यावं लागलं, आणि ती परत गेली. माझी आई उंचीने माझ्या खांद्याला लागायची. मी फोन कानाला लावून घराचा पत्ता सांगत होते आणि माझा आवाज मलाच परका वाटत होता. दुसऱ्या खेपेला तिने नानांना पावसात आणलं आणि ओल्या फरशीवर आडवं केलं. त्यांच्या तोंडावर पाऊस पडत होता. ते श्वास घेत होते. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले, उलटी केली, आणि आईला ओळखलं.

अँब्युलन्स आली आणि त्यांना बाबांच्याच हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली. बाबांना ऑपरेशन थिएटरमधून बोलावून आणलं गेलं. नानांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि बाबा हातात रक्ताचा रिपोर्ट घेऊन उभे होते. रक्तात कार्बन मोनॉक्साइड होता. तो वायू बाबांना चांगला ठाऊक होता. कोंडलेल्या खोलीतल्या शेगडीतून, बंद गॅरेजमधल्या गाडीतून येतो, वास नाही, रंग नाही. "पण तिथे जळत तर काहीच नव्हतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "स्टोव्ह घरात आहे. कोठीत काडीसुद्धा पेटलेली नव्हती." तिकडे आमच्या घरी अग्निशामक दलाची माणसं मीटर घेऊन आली होती. त्यांनी फोन करून सांगितलं की कोठीचं दार उघडून इतका वेळ झाला तरी आतल्या कोपऱ्यात वायू आहे, आणि तुम्ही घरात आलात तरी तिकडे फिरकू नका.

नाना लवकर सावरले. त्यांना घरी आणलं तेव्हा ते अशक्त होते, डोकं दुखत होतं, पण बोलणं शाबूत होतं. सावरली नाही ती आई. तिने खिडकीतल्या वाट्या धुऊन कपाटात ठेवल्या. पेले उचलले. नमुन्यांच्या पिशव्या कचऱ्यात गेल्या. बाबांनी झरोका फोडला, कोठीचं दार काढूनच टाकलं, आणि तिची समजूत घालायला गेले की चूक माझी आहे, मी हवा बंद केली. आई म्हणाली, "तुम्ही ओलीला बंद केलंत, कारण मी सांगितलं. माल मी निवडला." बाबा म्हणाले, "तुझी निवड बरोबर होती." "तेच तर," ती म्हणाली. "बरोबर होती." आणि ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

मी पुष्कळ वर्षं या वाक्यावर विचार केला आहे. बाबांनी ओल आत येऊ दिली नाही, नानांनी पाऊस आत येऊ दिला नाही, आईने सगळ्यांत चांगले पेलेट्स निवडले. तिघांनीही आपल्याला जे माहीत होतं ते नीट केलं होतं. कुणी एकजण जरा आळशी असता तर काही झालं नसतं. आता मी आईच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आले आहे, मला एक मुलगी आहे, आणि घरात सगळं व्यवस्थित जमून आलं की मला थोडी धास्तीच वाटते.

आईला त्यातून बाहेर काढलं नानांनी, आणि तेही लाड करून नाही. एका सकाळी ते तिला म्हणाले, "नंदा, लाकूड न जळता विष कसं सोडेल, हे मला समजत नाही. मी जन्मभर लाकडात राहिलो. तू सांग."

"मला नाही माहीत नाना."

"माहीत नाही ते मलाही दिसून राहिलं. शोध."

ती चिडली. "मी शोधून काय करू? तुम्ही मेला असता."

"मेलो नाही," नाना शांतपणे म्हणाले. "म्हणून विचारून राहिलो. पुढचा कुणी मरेल तो नाही विचारणार."

त्यानंतर आई बराच वेळ स्टोव्हसमोर बसली होती. स्टोव्ह बंद होता, आम्ही विजेच्या हीटरवर दिवस काढत होतो. मग ती उठली, चिवड्याच्या डब्यातून शेंगदाणे काढले, एक चावून पाहिला, आणि मला हाक मारली. "मुक्ता, शेंगदाणे खवट का होतात?" मी केमिस्ट्री करत होते म्हणून तिने मला विचारलं असावं. मी म्हटलं, त्यातल्या तेलावर हवेतला ऑक्सिजन काम करतो. "आणि पाइनमध्ये तेल असतं," ती म्हणाली. "सागापेक्षा वेगळं. राळ असते, चरबी असते. भुसा केला की त्या सगळ्याला हवा लागते. ताजा असला की जास्त." ती स्वतःशीच बोलत होती. "मला वास आला होता. मी लाकडाला खवट म्हणतात का असा विचार केला आणि सोडून दिलं."

ज्यूनबाईंची एक जुनी विद्यार्थिनी केंब्रिजमध्ये रसायनशास्त्रात संशोधन करत होती. ज्यूनबाईंनी आईला गाडीत घालून तिच्याकडे नेलं. परत आली तेव्हा आईच्या चेहऱ्यावर रंग होता. तिचा तर्क खरा होता. पेलेट्स वाहून नेणाऱ्या जहाजांच्या बंद पोटात असे अपघात झालेले होते, त्यावर लिहिलं गेलं होतं. फक्त ते आमच्यासारख्या घरांपर्यंत पोचलं नव्हतं. पेलेट्समधलं तेल हवेतला ऑक्सिजन खातं आणि त्या विषारी वायूला जन्म देतं. पिशव्या थोड्या असतील आणि हवा खेळती असेल तर काही होत नाही. ताजा पाइन, सुटा मोठा ढीग आणि बंद खोली एकत्र आली तरच.

"ज्यूनच्या गॅरेजमध्ये असाच ढीग आहे," आई म्हणाली. "आणि गावात आणखी किती घरी आहे कुणास ठाऊक."

गावाच्या हॉलमध्ये सभा ठरली ती अशी. ज्यूनबाईंनी सगळ्यांना बोलावलं आणि बोलायचं मात्र आईने, हे त्यांनी तिला न विचारताच ठरवून टाकलं. आई म्हणाली की मुक्ता बोलेल, तिचं इंग्लिश चांगलं आहे. मी हो म्हणणार होते. नाना म्हणाले, "तिचं इंग्लिश चांगलं आहे, पण तिला लाकूड काय माहीत?"

आई साडी नेसून गेली. हॉलमध्ये चहाचा थर्मास होता, ओल्या कोटांचा वास होता, शेतकरी होते, म्हातारी जोडपी होती. सुरुवातीला तिचा आवाज मागे पोचत नव्हता. मग तिने पिशवीतून पेला काढला, पाणी ओतलं आणि त्यात पेलेट टाकला, आणि सगळे बघायला पुढे झुकले. त्यानंतर ती कुठेच अडखळली नाही. चांगला माल कसा ओळखायचा ते तिने सांगितलं. मग म्हणाली की मी सर्वांत चांगला माल घेतला, आणि माझ्या वडिलांना तो ज्या खोलीत ठेवला होता तिथून मी ओढून काढलं. ते तिथे बसले आहेत. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. नानांना इंग्लिश अर्धंच समजत होतं. त्यांनी हात जोडले. एका शेतकऱ्याने विचारलं, मग आता घ्यायचे कसले? आई म्हणाली, "तेच. चांगलेच घ्या. पण झरोका उघडा ठेवा, आत जाण्याआधी दार उघडून थांबा, आणि एकट्याने जाऊ नका." त्याच आठवड्यात ज्यूनबाईंच्या गॅरेजसकट गावातल्या बऱ्याच भिंतींना हवेच्या जाळ्या बसल्या, आणि आमच्या घरात स्टोव्हचा टिणटिण आवाज परत सुरू झाला.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. केंब्रिजच्या त्या मुलीच्या ओळखीने आईला इंधनाची तपासणी करणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम मिळालं, सुरुवातीला आठवड्यातून दोन दिवस. ती गाडी चालवायला शिकली. निवृत्त होईपर्यंत तिथेच होती, आणि शेवटी तिच्या हाताखाली माणसं होती. पण मला या प्रकरणात लिहून ठेवायचं होतं ते हे नाही.

नानांचा व्हिसा संपत आला होता. शेतांत पहिलं हिरवं दिसायला लागलं होतं. आईला दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत कामावर रुजू व्हायचं होतं आणि तिने सकाळीच सगळ्यांसाठी उपमा टाकला होता. मी टेबलाशी होते. नाना समोर बसून बशीत चहा ओतत होते. बशी न उचलताच ते म्हणाले, "नंदा, तेव्हा तुला जाऊ द्यायला हवं होतं मी. संशोधनाला. स्थळ चांगलं आलं म्हणून घाई केली. तुला विचारलंही नाही."

आईचं उलथनं थांबलं. मी वाट पाहत होते की ती म्हणेल, जाऊ द्या नाना, झालं ते चांगलंच झालं. घरातली माणसं असंच म्हणतात. मीही तेच म्हटलं असतं.

"हो," आई म्हणाली. "जाऊ द्यायला हवं होतं."

मला तिचा राग आला. म्हातारा माणूस, नुकता मरणातून उठलेला, चार दिवसांत परत जाणार, आणि हिला दोन गोड शब्द बोलवत नाहीत. मी आईकडे डोळे मोठे करून पाहिलं. तिचं लक्ष नव्हतं. ती नानांकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता.

नानांनी मान हलवली. मोठं ओझं कुणी खाली उतरवून घेतल्यावर माणूस खांदे सैल करतो, तसे त्यांचे खांदे सैल झाले. "बरं केलं बोललीस," ते म्हणाले. "तुझी आई सतत म्हणायची, तिला एकदा विचारा. मी भ्यायचो की तू खरं बोलणारच नाहीस, काही वाटलं नाही म्हणशील."

आईने उपम्याची ताटली त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. मग ती त्यांना मुलाखतीच्या वेळी प्रयोगशाळेत पाहिलेल्या यंत्रांबद्दल सांगू लागली, आणि नाना मधूनमधून प्रश्न विचारत राहिले.